पावणेदोन किलोचा पॉवर सप्लाय

रविवार, १० ऑगस्ट २००३

कारखान्याने दिलेली ही डायरी जानेवारीपासून रेडिओच्या एका पायाखाली टेकू म्हणून होती. आज ती काढून घेतली. रेडिओ डावीकडे कलला. बायकोने, म्हणजे राबियाने, आधी रेडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. असो, कारणच तसं आहे.

शुक्रवारी पाटसला कारखान्याच्या ऑफिसबाहेर नोटीस लागली. उसाच्या ट्रॉल्या मोजायचा जुना दांडीचा काटा काढणार आणि येत्या हंगामापासून इलेक्ट्रॉनिक काटा बसवणार. त्याला कॉम्प्युटर जोडलेला असणार. काट्यावर आम्ही तीन क्लार्क आहोत आणि जागा दोनच राहणार. अठरा ऑक्टोबरला परीक्षा आहे. जो नापास होईल तो बगॅस यार्डात, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या ढिगांवर राखणीला. बाकीचे दोघे क्लार्क पंचविशीच्या आतले आहेत. मी अठ्ठेचाळीसचा.

बावीस हंगाम मी त्या काट्याच्या खिडकीत बसलोय. ट्रॅक्टर वळणावर दिसला की टायर किती दबलाय त्यावरून ट्रॉलीतले टन सांगतो. चुकलो तर शंभर-दोनशे किलोने. मोळ्यांत दगड घालणारे, ट्रॉलीच्या तळाला ओल्या मातीचा थर देणारे, सगळे मी पकडलेत. ती खिडकी गेली तर इक्बाल मुलाणी म्हणजे नेमका कोण, हे मला सांगता येणार नाही. इथे लिहून टाकलं, कारण घरात असलं बोलायची मला सवय नाही.

राबिया म्हणते, गौतमीच्या क्लासला जा. गौतमी म्हणजे आमच्या दौंडच्या गल्लीत राहणाऱ्या संघर्षची बायको. संघर्ष रेल्वेत इलेक्ट्रिशियन आहे, आणि तिने घराच्या वरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढलाय. मी एकदा जिन्यातून डोकावलो. बाकावर अकरावीच्या मुली बसल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्यांना दरडावण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस त्या बाकावर बसणार नाही. मी घरीच कॉम्प्युटर जोडणार आणि घरीच शिकणार.

रविवार, १७ ऑगस्ट

राबियाचा धाकटा भाऊ अजीम सणसवाडीहून आला. तो तिथल्या एका कंपनीत स्टोअरला आहे. कंपनीने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले, त्यातून त्याने मदरबोर्ड, डिस्क, कीबोर्ड, माऊस आणि एक पडदा असं गोणीत घालून आणलं. माझ्याकडे घरी एक स्प्रिंगचा काटा आहे, त्याच्या हुकाला गोणी लावली. सतरा किलो भरली. नवा कॉम्प्युटर घ्यायची आपली ऐपत नाही, पण सतरा किलो घरात आला म्हणजे निम्मं काम झालंच.

दोन वस्तू राहिल्या. एक पॉवर सप्लाय, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा पत्र्याचा डबा. दुसरं कॅबिनेट, ज्यात हे सगळं बसवायचं. या दोन वस्तू मीच निवडायच्या असं ठरलं. मी विचारलं, निवडायच्या कशावरून?

अजीम म्हणाला, "दुल्हेभाई, पावर सप्लाय हातात धरला की जड लागला पायजे. हलका म्हंजी आत माल न्हाई. बाकी काय बघू नका, वजन बघा."

मी त्याला हे पुन्हा एकदा म्हणायला लावलं. गेल्या दहा दिवसांत कॉम्प्युटरबद्दल मला पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं, त्यातलं समजलेलं हे पहिलं वाक्य. आणि वजनच बघायचं असेल तर सबंध तालुक्यात माझ्याइतका लायक माणूस सापडणार नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

रजा टाकून शिरूरला गेलो. अजीमने सांगितलेलं दुकान स्टँडपासून जवळच आहे. दुकानदाराने विचारलं, किती वॅटचा पाहिजे. मी पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढला आणि म्हणालो, असतील तेवढे काढा.

पाच निघाले. सगळ्यात हलका सहाशे चाळीस ग्रॅम, सगळ्यात जड आठशे नव्वद. दुकानदार आधी हसत होता, मग हसायचा थांबला, मग त्याने मला स्टूल दिलं आणि अगदी आस्थेने विचारलं की तुम्हाला कितीपर्यंतचा चालेल. मी स्पष्ट सांगितलं की दीड किलोच्या खालच्या मालासाठी मी दौंडहून इथवर येणार नाही. त्याने थोडा विचार केला. म्हणाला, तो स्पेशल माल असतो, उघड्यावर ठेवत नाही, पुढच्या मंगळवारी या. विसरू नये म्हणून त्याने हाताच्या तळव्यावर पेनाने 'दीड किलो' असं लिहूनसुद्धा घेतलं. गिऱ्हाइकाचं इतकं ऐकून घेणारे दुकानदार आता राहिले नाहीत.

एक शंका मात्र आली. त्या डब्यांवर तीनशे वॅट, चारशे वॅट असं छापलेलं. आमच्या घरातल्या सगळ्या ट्यूबलाइट, पंखा आणि रेडिओ मिळून एवढं होत नाही. परत आल्यावर संघर्षला विचारलं. तो म्हणाला, ती ताकद आहे, तेवढी वीज रोज खाईलच असं नाही. म्हणजे ट्रॉली दहा टनांची, पण ऊस चारच टन. मग पटलं.

संघर्षचे वडील कोंडिबा ओट्यावर बसले होते. गिरीमला त्यांचा दोन एकर ऊस आहे, दर हंगामात आमच्याच काट्यावर येतो. मी विचारलं, काय म्हणतोय ऊस. ते "हाय" एवढंच बोलले आणि उठून आत गेले. माणूस मुळातच घुमा आहे. चौऱ्याण्णव साली त्यांची ट्रॉली मला टायरवरून संशयाची वाटली, म्हणून भर दुपारी रांगेतल्या सगळ्यांसमोर मी ती तळापर्यंत रिकामी करायला लावली होती. आत काही निघालं नाही. ऊसच वजनाला भारी होता, इतकंच. तेव्हाही ते काही बोलले नव्हते.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

राबिया हल्ली रोज दुपारी गौतमीकडे जाते. साड्यांना फॉल लावायचं काम दोघी मिळून करतात म्हणे. दौंडात इतक्या साड्या असतील असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

मिळाला. पावणेदोन किलो.

मी स्वतः तीनदा मोजला. पावणेदोन म्हणजे पावणेदोन, काटा हलायला तयार नाही. कानाशी धरून हलवून पाहिला, आत काही वाजत नाही, सगळं गच्च भरलेलं. हुकाला लावला की जरासा एका अंगाला कलतो, पण चांगल्या मालाला आपला एक कल असतोच. स्क्रूवर कागदाचं सील आहे. दुकानदाराने हात जोडून सांगितलं की सील तेवढं तोडू नका, गॅरंटी जाईल. पिशवीसुद्धा त्याने एकात एक अशा दोन दिल्या.

एस.टी.त डबा मांडीवर घेऊन बसलो. न्हावऱ्याला चढलेल्या एका गृहस्थाने विचारलं, बॅटरी का. मी म्हणालो, उचलून बघा. त्याने उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि परत मांडीवर ठेवला. जाणकार असावा.

मंगळवार, २ सप्टेंबर

आता कॅबिनेट. दौंडातल्या दुकानात तयार कॅबिनेटं पाहिली. अंगठ्याने दाबलं तर पत्र्याला पोचा आला. दुकानदार ओरडला, पण मी तरी काय करणार, बिस्किटाच्या डब्याचा पत्रा याच्यापेक्षा जाड असतो. सगळं मिळून वजन चार किलो. माझा पावणेदोन किलोचा सप्लाय असल्या घरात नांदवायचा म्हणजे त्याचा अपमान आहे.

तडक सोपानरावांकडे गेलो. सोपानराव लोखंडी कपाटं करतात. अर्ध्या दौंडच्या लग्नात त्यांचं कपाट गेलेलं आहे. त्यांना कागदावर चित्र काढून दिलं. दोन फूट उंच, जाड पत्रा. त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले की हे कपाटच आहे, फक्त बुटकं. मी म्हणालो, बुटकं कपाट म्हणा हवं तर, पण साधं करा. त्यावर ते रागावले.

"पाय, हँडल, कुलूप, आरसा आन् आतला लॉकर, ह्याच्याबिगर माझ्या दुकानातनं कपाट भाईर जात न्हाई. उद्या लोक म्हणतील, ल्हान हाय म्हणून सोपानरावानं कमी दिलं."

कामाचा अभिमान असलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

जेवताना राबियाने विचारलं, कपाटात हवा कुठून जाणार, मदरबोर्ड तापेल की. मी विचारलं, तुला मदरबोर्ड तापतो हे कसं माहीत. म्हणाली, गौतमीकडे फॉल लावताना कानावर येतं. बायकांचं लक्ष सगळीकडे असतं. सोपानरावांना निरोप दिला. त्यांनी मागच्या बाजूचा पत्रा कापून दुधाच्या कपाटाला लावतात तशी जाळी बसवायचं कबूल केलं. मांजराचा प्रश्नही मिटला.

रविवार, १४ सप्टेंबर

कपाट हातगाडीवरून आलं. रिकामं चौतीस किलो. रंग मोरपंखी, दारावर आरसा, हँडल चकचकीत. गल्लीतल्या बायका जमल्या आणि विचारायला लागल्या की कुणाचं लग्न ठरलं. आमची एकुलती एक सना तर तीन वर्षांपूर्वीच सासरी गेली. कॉम्प्युटरसाठी आहे असं सांगितलं, तेव्हा एकीने आरशात बघून कुंकू नीट केलं आणि म्हणाली, नशीबवान आहे कॉम्प्युटर.

अजीमने दिवसभर खपून सगळं आत बसवलं. चालू करायचं बटण आत आहे, त्यामुळे आधी कुलूप उघडावं लागतं. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तमच. किल्ल्या दोन आहेत. एक माझ्या खिशात राहील. दुसरी हरवू नये म्हणून त्याच कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवली.

रविवार, २१ सप्टेंबर

गेले पाच दिवस कपाटाला हात लावला की झिणझिण्या येतात. मला वाटलं होतं माझ्याच हाताला काहीतरी झालंय. आज अजीमने अनवाणी पायाने हँडल धरलं आणि सणसवाडीत शिकलेलं सगळं हिंदी एका दमात बोलून गेला. संघर्षला बोलावलं. त्याने हँडलला टेस्टर लावला, टेस्टर पेटला. आरशाच्या पट्टीला लावला, तिथेही पेटला. तो म्हणाला, "मामा, तुमच्या घराला अर्थिंगच न्हाई. करंट जाणार कुठं? कपाटातच फिरतोय बिचारा."

मग अंगणात तीन फूट खड्डा खणला. त्याने त्यात तांब्याची पट्टी पुरली, वर मिठाचा आणि कोळशाचा थर दिला आणि तिथून कपाटापर्यंत वायर ओढली. रोज एक तांब्या पाणी घालायचं, माती ओली राहिली पाहिजे. पाणी घालायचं काम राबियाने घेतलं. शेजारी विचारतात, काय लावलंय. ती सांगते, करंट लावलाय.

कोंडिबा हे सगळं कुंपणाबाहेर उभं राहून बघत होते.

रविवार, २८ सप्टेंबर

कॉम्प्युटर चालतो. म्हणजे पंधरा मिनिटं चालतो, मग एकदम बंद पडतो. मग थोडा वेळ थांबून परत चालू करायचा. दोष विजेचा आहे, आमच्याकडे वीज कधी धड असते? यातून एक फायदा मात्र झाला की चालू करण्यात मी चांगलाच तरबेज झालोय. आज नऊ वेळा केला.

कपाटाचा माथा गरम होतो. राबिया त्यावर विरजणाचं भांडं ठेवते. दही चार तासांत लागतं आणि फार गोड लागतं.

आज पडद्यावर मी माझं नाव टाइप करत होतो आणि शेवटच्या अक्षराला सगळं काळं झालं. राबिया मागून म्हणाली, "सनाचे अब्बा, असं जातं म्हणून मधून मधून सेव्ह करत जावा." हे कुठून कळलं म्हणून विचारलं, तर गौतमी कुणाला तरी सांगत होती म्हणे. राबियाची मला जरा काळजी वाटते. पीठ मळताना तिची बोटं एकेक करून आपोआप उडतात, आधी डाव्या हाताची, मग उजव्या. डॉक्टरला दाखवायला हवं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

पंधरा दिवस राहिले. खरं लिहायचं तर मला अजून काहीच येत नाही. माझं नाव टाइप करायला चार मिनिटं लागतात. माऊस सरळ नेला की बाण तिरका जातो. काट्यावरची ती दोन पोरं जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसतात आणि न बघता टाइप करतात. आज एक जण मला म्हणाला, "मुलाणीसाहेब, बगॅस यार्डात पंखा बसवून घ्या, आत्ताच अर्ज टाका." गमतीत म्हणाला. मीही हसलो.

घरी येताना बसमध्ये मला भीती वाटली. ऑगस्टमध्येच त्या बाकावर बसलो असतो तर, असा विचार आला. पण पावणेदोन किलोचा सप्लाय आणि चौतीस किलोचं कॅबिनेट असताना असा विचार करणं बरं नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सकाळी कारखान्यात पोचलो न पोचलो तोच निरोप आला, घरी या. येऊन बघतो तर ओट्यावर माणसं. राबियाने कॉम्प्युटर चालू ठेवून भात टाकला होता, आतून फाट् असा आवाज झाला आणि जाळीतून धूर यायला लागला. कॉम्प्युटर चालू करताना तिने माझ्याकडून कुलूप उघडून घेतलं होतं, पण सवयीने मी निघताना परत लावून गेलो होतो. एक किल्ली माझ्या खिशात पाटसला आणि दुसरी आतल्या लॉकरमध्ये. तिने भिंतीतली पिन ओढली आणि संघर्षच्या घरी निरोप धाडला, म्हणून घर वाचलं.

मी कुलूप उघडलं. सप्लाय काळा पडला होता. संघर्षने सील फाडलं. मी म्हणालो, गॅरंटी जाईल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चारही स्क्रू काढले.

आत एका बाजूला थोड्याशा वायरी आणि एक जळलेला बोर्ड. दुसऱ्या बाजूला सिमेंटचा गोळा. नीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटवलेला, आणि वजन कमी पडायला नको म्हणून त्याच्या पोटात ट्रॅक्टरचा एक नट.

मी स्प्रिंगचा काटा आणला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. गोळा एक किलो पन्नास ग्रॅम. बाकी सगळा पॉवर सप्लाय सातशे. म्हणजे दुकानात पहिल्या दिवशी पाहिलेल्या हलक्या मालातलाच एक.

कोंडिबा दारात उभे होते. त्यांनी गोळा हातात घेतला, वरखाली करून पाहिला आणि अगदी सावकाश म्हणाले, "मुलाणीसाहेब, तुम्ही आमची मोळी सोडून बघायचा. ही न्हाई व्हय सोडली?"

नऊ वर्षांत ते माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य. माझे कान गरम झाले. बावीस हंगाम मी जगातल्या प्रत्येक ट्रॉलीवर संशय घेतला, आणि जिच्यावर घ्यायचा होता ती दोन पिशव्यांत घालून मांडीवर घेऊन आलो. एका अंगाला कलते हेही दिसत होतं. कललेली ट्रॉली मी कधी सोडली नाही. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "चहा घेणार का?" ते नको म्हणाले. गोळा मात्र त्यांनी खिशात टाकला. राबिया आत गेली आणि बराच वेळ आतून तिच्या खोकल्याचा आवाज येत होता. धूर लागला असावा.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

गौतमीने क्लासमधला एक जुना पॉवर सप्लाय दिला. सहाशे ऐंशी ग्रॅम. घरी आणायच्या आधी मात्र संघर्षकडून उघडून घेतला आणि आत डोकावून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

राबियाने आज हुकूम सोडला. सगळं कपाटातून बाहेर काढा. मदरबोर्ड, डिस्क, सप्लाय, सगळं तिने जेवायच्या लाकडी पाटावर मांडलं आणि वरून माश्या बसू नयेत म्हणून जाळीचं झाकण ठेवलं. सबंध दिवस एकदाही बंद पडला नाही. कपाटात तिने तिच्या साड्या लावल्या. बटण दाबायला आता किल्ली लागत नाही.

संध्याकाळी माझ्याजवळ पाट ओढून बसली आणि म्हणाली, बोटं इथे ठेवा. नाही, बघायचं नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

राबियाचं शिकवणं कडक आहे. खाली बघितलं की हातावर चापट बसते. काल गाडी नंबर, नाव, गाव, भरलेलं वजन, रिकामं वजन असा तक्ता तिने स्वतःच करून दिला, वजाबाकी आपोआप होते. मी म्हणालो, हे पण फॉल लावताना कानावर आलं का. म्हणाली, "व्हय. सेव्ह करा."

शनिवार, १८ ऑक्टोबर

परीक्षा झाली. काट्याच्या कंपनीचा साहेब पुण्याहून आलेला. मोठा माणूस, अंगानेही. काट्यावर चुन्याच्या गोण्या भरलेली एक ट्रॉली उभी केली. आत बसायचं, माहिती भरायची, पडद्यावरचं वजन बघून बटण दाबायचं आणि पावती काढायची.

पहिल्या पोराने एक मिनिटात काढली. दुसऱ्याने त्याहून कमी वेळात. मला पाच मिनिटं लागली. घाम आला, पण बोटं राबियाने सांगितलेल्या जागी होती आणि मी खाली पाहिलं नाही. सगळं भरलं, सेव्ह केलं. शेवटचं बटण दाबायच्या आधी बावीस वर्षांच्या सवयीने मान वळली आणि मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

नवा काटा जमिनीलगत आहे. काटा कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते ते नवख्याला कळत नाही. ट्रॉलीच्या मागच्या चाकाशेजारी साहेब मोबाईलवर बोलत उभा होता.

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही काट्यावर हाय. खाली उतरा, मग बटण दाबतो."

साहेब दोन पावलं मागे सरकला. पडद्यावरचं वजन नव्वद किलोने उतरलं. परीक्षेला हजर असलेले कारखान्याचे शेतकी अधिकारी आधी हसले, मग त्यांनी दोन्ही पोरांच्या पावत्या मागवल्या. दोन्हीत साहेब जमा होता. खिडकी माझी राहिली. दुसरी जागा त्या दोघांत कुणाची, ते सोमवारी ठरणार.

पेढे घेऊन तडक गौतमीच्या क्लासला गेलो. जिना चढून दारात उभा राहिलो. बाकावर अकरावीच्या सहा मुली. फळ्यासमोर खुर्चीवर गौतमी नव्हती, राबिया होती. हातात खडू. फळ्याच्या वर परीक्षेचा निकाल लावलेला, तारीख सप्टेंबरअखेरची. पहिलं नाव राबिया इक्बाल मुलाणी.

एकूण एक साडी मला आठवली.

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तुम्ही कॅबिनेट निवडत होता." मग म्हणाली, "चपला भाईर काढा आन् बसा. तास संपायचाय अजून."

शेवटच्या बाकावर जागा होती. बसलो. शेजारच्या मुलीने सरकून जागा दिली आणि पेढ्यांचा पुडा स्वतःकडे घेतला. मला इतकं बरं वाटत होतं की फळ्यावरचं एक अक्षर डोक्यात गेलं नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

हंगाम सुरू. सकाळी मोळी टाकली, नारळ फुटले, भोंगा झाला. रोजा आहे, त्यामुळे चहाचा मोह नाही, पण खिडकीत बसल्यावर तहानसुद्धा आठवत नाही. पाटसच्या रस्त्यापर्यंत ट्रॉल्यांची रांग.

साडेअकराला कोंडिबांची ट्रॉली आली. वळणावर टायर बघितला, आठ टन, इकडेतिकडे शंभर किलो. ट्रॉलीच्या पुढच्या फळीला, लोक लिंबू-मिरची बांधतात त्या जागी, काळ्या दोऱ्याने सिमेंटचा गोळा टांगलेला होता. नटासकट.

ट्रॅक्टर काट्यावर थांबला. कोंडिबा उतरले, पाय काट्याच्या बाहेर आहेत का ते खाली बघून त्यांनी नीट खात्री केली आणि खिडकीपाशी आले. चेहरा नेहमीसारखाच.

"मुलाणीसाहेब, एक किलो पन्नास ग्रॅम वजा करा. आमच्या गाडीत दगड हाय."

मागचे ट्रॅक्टरवाले कान टवकारून ऐकत होते. नवा काटा दहा किलोच्या खालचं काही दाखवत नाही, तेवढं सांगून मोकळं होता आलं असतं. मी खुर्चीवरून उठलो. खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि रांगेच्या शेपटापर्यंत जाईल अशा आवाजात, ज्या आवाजात तेव्हा ओरडलो होतो त्याच आवाजात, म्हणालो, "आबा, चौऱ्याण्णव साली मी तुमची ट्रॉली सगळ्यांसमोर रिकामी केली. तिच्यात काही नव्हतं. चूक माझी होती."

कोंडिबांनी ट्रॉलीकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दाढीवरून एकदा हात फिरवला.

"व्हय," ते म्हणाले. "पावती द्या आता. मागं गाड्या थांबल्यात."

मी आधी सेव्ह केलं, मग पावती दिली.